भरतीचा समुद्र आणि चौकातला खाकी गणवेश



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

बारावा अध्याय छोटासा, वीसच श्लोकांचा. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. आजच्या श्लोकाचा भाव साध्या शब्दांत असा : ज्याचा लोकांना जाच होत नाही, लोकांच्या वागण्याने ज्याचं मन ढवळून निघत नाही, आणि हर्ष, अमर्ष, भय, उद्वेग या चारांच्या तावडीतून जो सुटलाय, तो देवाला प्रिय.

हा श्लोक वाचला की डोळ्यांसमोर एखादा शांत साधू येतो. फार तर घरच्यांशी किंवा ऑफिसातल्या मॅनेजरशी कसं वागावं, इथपर्यंत आपण तो लावून बघतो. आज मी तो जरा वेगळ्या जागी लावून बघणार आहे. रात्री अकराची नाकाबंदी. बॅरिकेडजवळ एक हवालदार आणि समोर दुचाकीवरचा एक माणूस. दोघांची ओळख नाही, भेट दोन-तीन मिनिटांची. पण देवघरात बसून हा श्लोक म्हणणं सोपं आहे. तो आपल्यात किती मुरलाय हे अशा दोन-तीन मिनिटांत कळतं.

माउलींचा दृष्टांत

या श्लोकावर बोलताना ज्ञानेश्वर माउलींनी समुद्राचा दृष्टांत दिलाय. समुद्र कितीही उसळला तरी त्यातल्या जलचरांना त्याची धास्ती वाटत नाही. आणि जलचर कितीही असले तरी समुद्राला त्यांचा वीट येत नाही.

मला या दृष्टांतातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यातल्या दोन बाजू बरोबरीच्या नाहीत. समुद्राची ताकद कुठे आणि मासोळीची कुठे! तरीही दोघांचं जमतं, कारण समुद्राच्या ताकदीची मासोळीला भीती उरलेली नाही.

पोलीस आणि नागरिक यांचंही तसंच आहे. एकाकडे काठी आहे, वायरलेस आहे, अटकेचा अधिकार आहे, मागे अख्खं सरकार आहे. दुसऱ्याकडे लायसन आणि मोबाइल. 'दोघांनीही नीट वागावं' हे म्हणणं बरोबरच आहे, पण ज्याच्या हातात जास्त, त्याच्यावर भार जास्त. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असं लिहिलेलं असतं. त्यातला क्रम बघा. सज्जनाचं रक्षण आधी आलंय, दुष्टाचा बंदोबस्त नंतर.

कुणी म्हणेल, पोलिसाने साधू होऊन कसं चालेल? खरंय. पण ही गीता सांगितली कुणाला? हातात धनुष्य असलेल्या, कर्तव्य म्हणून लढायला उभ्या असलेल्या माणसाला. भगवंतांनी अर्जुनाला शस्त्र टाकायला सांगितलं नाही, मनातलं विष टाकायला सांगितलं. पोलिसाची काठी राहू दे. काठीच्या मागे असलेलं मन कसं आहे, एवढाच श्लोकाचा प्रश्न आहे. आता ते चार शब्द एकेक करून घेऊ.

हर्ष

हर्ष म्हणजे आनंद, मग तो का सोडायचा? इथे तो समोरचा कोंडीत सापडल्यावर आतून फुटणाऱ्या उकळीसारखा घ्यावा, असं मला वाटतं. गाडीचा पीयूसी संपलाय हे दिसल्यावर एखाद्या हवालदाराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, तो हर्ष. आणि पोलिसाच्या तोंडून एखादा वेडावाकडा शब्द निघाल्यावर मोबाइल काढून 'आता बघ तुला कसा व्हायरल करतो' म्हणणाऱ्याच्या मनात जे होतं, तोही हर्षच.

चित्रीकरण वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावण्याचे सविस्तर आदेश दिले, ते कोठडीत काय घडतं याची नोंद राहावी म्हणूनच. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग ठेवतो. लॉग कुणाची फजिती करायला नसतो; काय झालं हे नंतर नीट कळावं म्हणून असतो. तोच फरक इथे आहे. पुरावा म्हणून मोबाइल धरलेला माणूस गप्प उभा राहतो. तमाशा म्हणून धरलेल्याचं तोंड कॅमेऱ्यापेक्षा जास्त चालतं.

याच हर्षाचा धाकटा भाऊ म्हणजे 'मिटवून टाकू'. पावती हजाराची आहे ना, दोनशे घ्या आणि सोडा, हे वाक्य बऱ्याचदा आपल्या बाजूनेच पहिल्यांदा येतं. आठशे वाचल्याचा आनंद घेऊन आपण घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी 'सगळे पोलीस खातात' म्हणून ऑफिसात भाषण देतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्पष्टपणे गुन्हा आहे. आणि कुणी मागत असेल, अडवून धरत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

अमर्ष

अमर्ष म्हणजे समोरच्याचं काहीच सहन न होणं. 'मला उलट विचारतो?' हा खाकीतला अमर्ष. 'मला अडवतो? ओळखतोस का मी कोण?' हा साध्या कपड्यांतला.

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार इथे वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं आणि कागदपत्रं मागितली. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतलं. शिंदे यांच्या डोक्यात प्रहार झाला आणि आठवडाभराने रुग्णालयात त्यांचं निधन झालं. भांडण कशावरून? एका हेल्मेटवरून. 'आम्हाला अडवलंच कसं' हे सहन न होण्यापायी एका घरातला कर्ता माणूस गेला.

दुसऱ्या बाजूचा अमर्ष भाषेत दिसतो. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' यात जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर नाकाबंदीवर दिसतं. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं, इंग्रजी दोन शब्द येतात, म्हणून मला 'सर, गाडी जरा बाजूला घ्या' असं ऐकायला मिळतं. माझ्याच पुढे उभ्या असलेल्या, जेवण पोचवणाऱ्या पोराला 'ए, काढ चावी' असं. त्याची चूक माझ्यापेक्षा मोठी नसते. त्याच्यामागे फोन करायला कुणी नसतं, एवढंच.

म्हणून माझ्या मते पोलिसाच्या भक्तीची कसोटी आमदाराच्या गाडीपाशी होत नाही. ती होते रिक्षावाल्यापाशी, फुगे विकणाऱ्या बाईपाशी, उसासाठी आलेल्या टोळीच्या ट्रॅक्टरपाशी. तिथे तोंडातून 'दादा, तुम्ही' निघालं तर समजावं की माउलींचा समुद्र थोडा आत शिरला.

आणि आपणही बघावं. साहेब आले की आपण 'सर' म्हणतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या शिपायाला 'ए मामा'. मामा हे नातं गोड आहे, पण आपण ते कुठल्या सुरात म्हणतो हे आपल्यालाच ठाऊक असतं.

भय

हा चारांतला सगळ्यात खोल शब्द.

पोलीस दिसला की पोटात गोळा येतो, असं चांगल्या घरातली माणसंही सांगतात. पण काहींचं भय पिढ्यांचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारायला सुरुवात केली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे या लोकांना हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्ये कायदा गेला. पण आजही गावात चोरी झाली की पहिली शंका पारध्यांच्या पालावर जाते. त्या पालातल्या लेकराला समुद्राच्या भरतीची धास्ती वाटते, आणि दोष लेकराचा नसतो.

भय खोटंही नसतं. २०१७ मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून त्याच ठाण्यातल्या पोलिसांना अटक झाली आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याच्या घरच्यांना 'पोलिसांवर विश्वास ठेवा' असं नुसतं तोंडाने सांगून काय उपयोग?

म्हणून भय काढायला फक्त गोड बोलणं पुरत नाही, नियमही पाळावे लागतात. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलं : अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. राज्यघटनेचं बाविसावं कलम म्हणतं की अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. करायचीच झाली तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरचे पुरुष, आजारी आणि अपंग व्यक्ती यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे आहे.

मला ही कलमं वाचताना वाटतं, हे आजच्याच श्लोकाचं सरकारी भाषांतर आहे. लोकांना धास्ती वाटू नये म्हणून ताकदीने स्वतःला घालून घेतलेला बांध.

आता उलटी बाजू. पोलिसालाही भय असतं, हे आपण विसरतो. अंधारात थांबलेल्या गाडीत कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे असेच नाकाबंदीवर उभे होते. हातात फक्त लाठी. समोरच्या गाडीतून जो उतरला त्याच्या हातात एके-४७ होती. ओंबळ्यांनी ती बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळालं.

पुढचं मला जास्त विचार करायला लावतं. त्या कसाबवर खटला चालला, त्याला वकील मिळाला, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय झालं, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज गेला, आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. ज्याने इतकी माणसं मारली त्यालाही आपण कायद्याच्या पायऱ्यांवरूनच नेलं. मग हेल्मेट विसरलेल्या पोराला भर चौकात कानाखाली वाजवण्याचा अधिकार कुठून येतो?

आपल्या हातात एवढं आहे : अडवलं की गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं, काच खाली करावी, रात्र असेल तर आतला दिवा लावावा. खिशात किंवा डिकीत हात घालण्याआधी 'कागद काढतो, साहेब' असं सांगावं. डिजिलॉकरमधलं लायसन आणि आरसी मूळ कागदांइतकेच ग्राह्य धरावेत, असं केंद्र सरकारने २०१८ मध्येच राज्यांना कळवलंय. ते आधीच उघडून ठेवावं. समोरच्याचं भय कमी करणं, ही आपल्याकडूनही होण्यासारखी सेवा आहे.

उद्वेग

उद्वेग म्हणजे मनाची काहिली. पोलिसाच्या मनाची काहिली कशाने होते, हे एकदा त्याच्या जागी उभं राहून बघावं. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने मांडलेल्या कल्पनेतून. तोवर बारा-बारा तास, सणासुदीला त्याहून जास्त, हेच चालत आलेलं. आमच्याकडे रात्रीचा ऑन-कॉल आठवड्यातून दोनदा आला तर सगळी टीम कुरकुर करते, आणि तीही एसीत बसून. गणपतीत आपण दहा दिवस नाचतो, तेव्हा त्याच्या घरचा गणपती बहुतेक त्याच्याशिवायच बसतो आणि त्याच्याशिवायच विसर्जित होतो. हे मनात ठेवलं तर त्याच्या आवाजातला कडकपणा लगेच अंगाला लागत नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत राहिला, नाथ पुन्हा पुन्हा स्नान करत राहिले, शेवटी थुंकणारा थकला. समोरच्याने आपल्याला कितीही डिवचलं तरी आपलं मन त्याच्या हातात द्यायचं नाही, हा धडा पोलीस आणि नागरिक दोघांनाही सारखाच.

पण इथे एक गल्लत होते. शांत राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. नाथांनीच पाणी दुसऱ्यासाठी नेत असताना तहानलेल्या गाढवाला पाजलं, लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही. जिथे दुसऱ्याचा जीव तळमळतो तिथे संत थांबत नाहीत. म्हणून 'साहेब, आपलं नाव काय?', 'मला कुठल्या कारणाने नेताय?', 'पावती मिळेल ना?' हे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. ते खालच्या आवाजात, 'आपण' म्हणून, पण विचारायचेच. आणि चांगल्या पोलिसाने त्याचं उत्तर द्यायचंच.

उत्तर मिळालं नाही, अन्याय झाला, तर रस्त्यावर हमरीतुमरी करून काही होत नाही. तक्रार नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. प्रकाश सिंह खटल्यातल्या २००६ च्या निकालाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं; महाराष्ट्रातही राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. तारीख, वेळ, जागा, नाव लिहून ठेवावं. चौकात जिंकायचं नसतं, कागदावर मांडायचं असतं.

एकच हाक

हे सगळं जमतं का? मला वाटतं, आपल्याकडे ते वर्षातून एकदा मोठ्या प्रमाणावर जमतं. आषाढी वारीत. तिथे वारकरी पोलिसाला 'माउली' म्हणतो आणि पोलीसही वारकऱ्याला 'माउली, जरा बाजूने चला' म्हणतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात. लाखोंची गर्दी, अरुंद रस्ते, पाऊस, तरी त्या एका हाकेवर बरंच काही निभावतं. खाकी तीच असते, माणूसही तोच असतो. फक्त समोरच्यात देव आहे असं धरून बोललेलं असतं.

हाक मारली की सगळं आपोआप होतं, असंही नाही. २०२३ मध्ये आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी पोलीस आणि वारकरी यांच्यात झटापट झालीच. लाठीमाराचा आरोप झाला, पोलिसांनी तो नाकारला. म्हणजे 'माउली' हा शब्द एकदा शिकून भागत नाही. दर गर्दीत, दर चौकात तो पुन्हा मनात आणावा लागतो. म्हणूनच त्याला साधना म्हणायचं.

आजची साधना

आज रस्त्यात एखादा पोलीस दिसला, तर काम नसतानाही एकदा 'नमस्कार' म्हणून बघा. अडवलं तर आधी एक श्वास, मग गाडी बंद, मग शब्द. काही चुकलं असेल तर पावती घ्या, तडजोड नको. काही चुकीचं वाटलं तर शांतपणे नाव विचारा. तुमच्यासमोर कुणा गरिबाला 'ए' म्हणून हाक गेली, तर दोन मिनिटं तिथेच थांबा. भांडू नका. तुम्ही बघताय एवढंच बरंच काम करतं.

आणि वाचणाऱ्यांत कुणी पोलीस दादा, ताई असतील तर हात जोडून विनंती : आज पाळीवर जाताना ज्याच्यामागे कुणी नाही अशा एका माणसाला 'तुम्ही' म्हणा. त्याच्या घरी आज संध्याकाळी त्याची गोष्ट निघेल.

पांडुरंगा, ज्यांच्या हातात काठी दिलीस त्यांना समुद्राचं मन दे. आम्हाला न घाबरता आणि न चिडता त्यांच्यासमोर उभं राहायचं बळ दे. दोघांच्याही तोंडी तुझं नाव राहू दे.

राम कृष्ण हरी.